डॅमेजचे काका

कमोडला "हनुवटी जरा वर" असं सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

कोलशेतला आमचं गोडाऊन होतं, बाथरूमच्या सामानाचं. कमोड, वॉश बेसिन, नळ, टाइल्स. कारखान्यातून ट्रक यायचे, माल उतरायचा, तपासून घ्यायचा आणि मग ठाण्या-कल्याणच्या दुकानांना जायचा. मी इनवर्डला होते, म्हणजे आलेला माल मोजून घ्यायचं काम. माझ्या टेबलाला लागूनच डॅमेजचं टेबल. तिथं हे कमोडशी बोलणारे गृहस्थ असायचे. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न, पांढरा हाफ शर्ट, खिशात कंगवा. नाव सगळ्यांना माहीत होतं, पण ड्रायव्हरपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना डॅमेजचे काका म्हणायचे, आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

काम तसं सोपं होतं. आमच्याकडे स्कॅनर होते, पिस्तुलासारख्या मुठीचे, पाठीला छोटा स्क्रीन. आम्ही त्यांना गन म्हणायचो. खोक्यावरच्या लेबलवर लाल उजेड पाडून चाप ओढला की टूं वाजायचं आणि स्क्रीनवर वस्तूचं नाव यायचं. वस्तू फुटकी निघाली तर यादीतून एक प्रकार निवडायचा: तडा, ओरखडा, पोचा, ओले किंवा इतर. मग त्याच गनमधला कॅमेरा उघडायचा, नेम धरायला लाल टिंब तेव्हाही पडायचं. काळा-पांढरा फोटो यायचा आणि तो आपोआप हेड ऑफिसच्या सिस्टिमला जायचा. मॅनेजरनी त्यावर "मंजूर" दाबलं की कारखाना बदली नग पाठवायचा. लेबल स्कॅन केल्याशिवाय मात्र कॅमेरा उघडत नसे.

आधीची पोरं हे फोटो चालता चालता काढायची. निम्मे "अस्पष्ट" म्हणून परत यायचे. काका आले आणि ते बंदच झालं, कारण काकांनी तीस वर्षं डोंबिवलीत फोटो स्टुडिओ चालवलेला. पासपोर्ट, मुंजी, लग्नं, शाळेचे ग्रुप. सगळ्यांच्या हातात मोबाइल आल्यावर गिऱ्हाईक आटलं, कॅमेरे विकले गेले, आणि भाच्याच्या ओळखीनं ते आमच्याकडे लागले. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात गन दिली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, डोळ्याला लावली आणि साळवी साहेबांना, म्हणजे आमच्या मॅनेजरना, विचारलं की फोटो धुवायला कुठं जातात. साळवी साहेब घाईत होते. ते म्हणाले, हेड ऑफिसला. काकांनी ते खरं धरलं. पुढं कितीही सांगितलं तरी ती समजूत गेली नाही. प्रिंट परत का येत नाहीत, याचं त्यांना अधूनमधून वाईट वाटायचं.

एक फोटो काढायला त्यांना दहा मिनिटं लागायची. आधी बेसिनवरचा भुसा कंगव्यानं झाडायचे. मग थर्मोकोलचा एक तुकडा बाजूला उभा करून उजेड वळवायचे. केसाएवढा तडा समोरून दिसत नाही, कडेनं बघावं लागतं, म्हणून जमिनीला गाल टेकवून बघायचे. कोलशेतच्या त्या धुळीत, पांढऱ्या शर्टात. मग बेसिनला विचारायचे, "रेडी?" आणि खरंच थांबायचे. फोटो एकच. दुसरा काढा म्हटलं की म्हणायचे, रोल वाया जातो. छत्तीस फोटो झाले की काम थांबवून चहा प्यायला जायचे, आणि कुणी विचारलं तर रोल बदलतोय सांगायचे. त्या मशीनमध्ये हजारो फोटो मावतात हे मी त्यांना एकदा दाखवलं. त्यांनी समजुतीनं मान डोलावली आणि छत्तिसाव्या फोटोनंतर चहाला गेले.

ड्रायव्हर मंडळी त्यांच्यावर खूश होती. फुटक्या मालाशेजारी ड्रायव्हर उभा असलेला एक फोटो लागायचा, पुरावा म्हणून. काका आधी त्याला कंगवा द्यायचे, वरचं बटण लावायला सांगायचे, खांदे सैल सोडायला लावायचे. एका ड्रायव्हरला तर फुटका कमोड कडेवर मूल घ्यावं तसा घ्यायला लावलेला. तो फोटो हेड ऑफिसमध्ये कुणीतरी नोटीस बोर्डावर लावल्याचं आमच्या कानावर आलं.

ट्रक उघडला की माल उतरायच्या आधी ते आतल्या खोक्यांचा ग्रुप फोटोही काढायचे. ते कुणी सांगितलेलं नव्हतं. ते म्हणायचे, एवढ्या लांबून मंडळी आलीत, सगळे एकत्र परत कधी दिसणार. आम्ही हसायचो. पण त्या ग्रुप फोटोनंच एकदा घोळ केला. नाशिककडच्या एका ड्रायव्हरच्या गाडीतले बारा कमोड फुटलेले निघाले. साळवी साहेबांनी लिहिलं की माल फुटकाच आला. त्या ड्रायव्हरची नोकरी जाणार होती. तो बिचारा गेटवर उकिडवा बसून राहिलेला. काकांनी त्या सकाळचा ग्रुप फोटो गनमध्ये शोधून दाखवला. बाराही खोकी सरळ, कोपरे शाबूत, एखाद्या शाळेच्या वर्गासारखी ओळीनं उभी. म्हणजे माल आमच्याच माणसांनी उतरवताना आपटला होता.

साळवी साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सुचवलं की हा फोटो दुसऱ्या गाडीचा असू शकतो. काका म्हणाले, "साहेब, तीस वर्षं लोकांचे फोटो काढले. ज्याचं नाक मोठं त्याचं मोठंच आलं. एकालाही बदलून दिलं नाही."

साहेब दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नाहीत. काकांच्या ते लक्षातही आलं नसावं.

एकच गोष्ट त्यांना जमायची नाही, पासवर्ड. दर सोमवारी नवा विसरायचे. शेवटी सात नंबरची गन मी माझ्या नावानं चालू करून द्यायला लागले. ती कायम माझ्याच नावानं चालायची. यात काही गैर आहे असं तेव्हा मला वाटलंच नाही.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे मी आणि निलेशनं ठरवलं. निलेश आमच्याच गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा, कल्याणला राहायचा. आम्ही ठाकुर्लीला. आई जाऊन सहा वर्षं झालेली, घरात बाबा आणि मी. बाबा एमआयडीसीतल्या कंपनीतून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी गावाकडचा एक मुलगा बघून ठेवलेला. मी निलेशचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "तुझं तू बघ. मी येणार नाही." नंतर महिनाभर आम्ही एका घरात राहून फक्त दूध आणि गॅसबद्दल बोललो. लग्नाची तारीख आणि जागा मी नुसती कॅलेंडरवर लिहून ठेवली.

रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात. निलेशच्या बाजूनं त्याची आई आणि एक मित्र. तिसरा माझ्या बाजूचा हवा, असं मीच धरून बसलेले, आणि माझ्या बाजूला कोणी नव्हतं. म्हणून मी काकांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. मग चहाच्या टपरीवर मी हळूच म्हटलं की एखादा फोटो पण काढाल का. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मी म्हटलं, मोबाइलवर काढा, चालेल. त्यांना ते लागलं असावं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "काढतो. लग्नाला दोन रोल लागतात. कॅमेऱ्याचं मी बघतो."

शुक्रवारी ठाण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात आम्ही पोचलो तेव्हा काका सकाळची अर्धी शिफ्ट करून हजर होते. नवा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी सात नंबरची गन काढली. गन गोडाऊनच्या बाहेर न्यायची नाही, हा पहिला नियम. काका म्हणाले की याच्यावर हात बसलाय, काळजी करू नको. लेबलाचं काय, असं निलेशनं विचारलं. काकांनी शर्टाचा खिसा पुढे केला. आदल्या दिवशी भंगारात गेलेल्या एका बदामी रंगाच्या वॉश बेसिनचं लेबल त्यांनी खिशावर चिकटवलं होतं.

मग ते सुरू झाले. आधी गन स्वतःच्या छातीवर, टूं. मग यादीतून प्रकार निवडायचा. मग गन आमच्यावर. परत छाती, टूं, परत आम्ही. आजूबाजूला तीन-चार जोडपी नंबरची वाट बघत बसलेली. पंधरा मिनिटांत त्यांची अशी समजूत झाली की हे ऑफिसचेच साहेब आहेत. एक मुलगा नवरीचा हात धरून पुढे आला आणि त्यानं आपल्या फॉर्मवरचा कोड काकांसमोर धरला. काकांनाही नाही म्हणता आलं नाही. त्यांनी तो स्कॅन केला. स्क्रीनवर आलं, "नग सापडला नाही." ती मुलगी रडायलाच लागली. शेवटी आतला क्लार्क बाहेर आला आणि त्यानं काकांना विचारलं की तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटचे.

काका सरळ म्हणाले, "डॅमेज."

सगळी रांग हसली. ती रडणारी मुलगीही. क्लार्कला काय करावं कळेना, तो परत आत गेला आणि आमचं नाव पुकारलं. निलेशच्या आईचे डोळे सकाळपासून गळत होते. काकांनी त्यांचा फोटो काढताना प्रकार निवडला, "ओले." मी ते स्क्रीनवर बघितलं आणि मला हसू आवरेना. तशीच हसत मी सही केली.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा खटकली. आम्ही टेबलाशी उभे, हार घालतोय, आणि काका गन घेऊन भलतीकडेच बघतायत. आमच्यावरून नेम धरायचे तो मागे दाराकडे. सासूबाई माझ्या कानात कुजबुजल्या की यांना नीट दिसतं ना. मला वाटलं, वयानं हात हलत असेल. नंतर मी विचारलं तर म्हणाले, उजेड बघत होतो. बहात्तर फोटो झाले. दोन रोल. मग ते चहा प्यायला गेले.

शनिवारी सकाळी काकांनी गन नेहमीसारखी चार्जिंगच्या खोबणीत ठेवली. गोडाऊनचं नेट मिळाल्याबरोबर बहात्तरही फोटो हेड ऑफिसला गेले. काकांच्या हिशेबी ते धुवायला गेले होते. सोमवारी साळवी साहेबांनी आपल्या सवयीप्रमाणे आठवड्याचं सगळं डॅमेज एकदम निवडलं आणि फोटो न उघडता मंजूर करून टाकलं.

आठवड्यानं एक ट्रक आला. त्यात बहात्तर बदामी वॉश बेसिनं होती.

अख्खं गोडाऊन बघायला जमलं. बदामी रंग त्या वर्षी कुणालाच नको होता, दुकानदार फुकट दिला तरी घेत नव्हते. साळवी साहेब तावातावानं फोनवर हेड ऑफिसला सांगत होते की तुम्ही चुकीचा माल पाठवलाय. पलीकडून कुणीतरी त्यांना सांगितलं की तुम्हीच मागवलाय, बरोबर फोटोही आहेत, बघून घ्या. साहेबांनी पहिला फोटो उघडला. त्यात मी होते, मुंडावळ्या बांधून. खाली लिहिलेलं: वॉश बेसिन, बदामी, प्रकार इतर. नोंदवणाऱ्याच्या जागी माझं नाव.

मी तेव्हा बाजूलाच उभी होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मला वाटलं नोकरी गेली. लग्नाला दहा दिवस झालेले, माहेर बंद, आणि आता हे.

दोन दिवसांनी हेड ऑफिसच्या तपासणी विभागातल्या मॅडम आल्या. करड्या साडीतल्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी सगळे फोटो मोठे छापून आणलेले. केबिनमध्ये एका बाजूला मी, साळवी साहेब आणि काका, समोर मॅडम आणि मध्ये टेबलभर माझं लग्न. काकांना पहिला आनंद झाला तो प्रिंट आल्याचा. त्यांनी एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाले की कागद हलका वापरलाय. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

मॅडमनी मला विचारलं की एकच बेसिन बहात्तर वेळा कसं फुटलं. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले की मुलीचा काही संबंध नाही, गन मी नेली, लेबल मी लावलं, तिचं फक्त नाव आहे, कारण मला पासवर्ड लक्षात राहत नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं. मग त्या एकेक फोटोचा प्रकार वाचून दाखवायला लागल्या. सासूबाई, ओले. निलेशच्या मित्राच्या हनुवटीवर दाढी करताना कापलेलं, ओरखडा. मॅडमचा आवाज तसाच सरकारी होता, पण ओठाचा एक कोपरा हलायला लागलेला.

मग त्यांनी फोटोंचा एक गठ्ठा वेगळा काढला. त्या म्हणाल्या की मला खरी शंका या अकरा फोटोंची आहे. यात वधू-वर धूसर आलेत आणि मागे दाराशी एक माणूस स्पष्ट आहे. कधी खांबामागे अर्धा, कधी दाराआड, नुसता डोळा आणि चष्मा. प्रत्येक ठिकाणी तोच. हा कोण, आणि आमच्या कंपनीच्या मशीननं त्याच्यावर पाळत का ठेवलीय?

मी फोटो हातात घेतला. निळा चौकडीचा शर्ट मी ओळखला, काळ्या-पांढऱ्यातही. इस्त्री मीच करायचे. माझे बाबा होते.

साळवी साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मॅडमनी विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं की हे माझे वडील आहेत, आणि ते येणार नव्हते.

मॅडमनी काकांना विचारलं, "तुम्ही ओळखत होता यांना?"

"नाही," काका म्हणाले. "ही हार हातात घेऊन तीनदा दाराकडे बघत होती. मग मी पण बघितलं."

"आणि फोकस मागच्या माणसावर का? लग्न तर पुढे चाललं होतं."

"पुढची दोघं ठीक होती, मॅडम. त्यांना काही झालेलं नव्हतं."

मॅडमनी अकरा फोटोंची खालची ओळ परत वाचली. सगळ्यांना एकच प्रकार लावलेला होता, तडा.

त्यानंतर काय झालं ते साळवी साहेबांच्या कृपेनं झालं म्हणायला हरकत नाही. आम्हाला काढायचं तर मॅडमना कागदावर लिहावं लागलं असतं की मॅनेजरनी एका लग्नाचे बहात्तर फोटो बेसिन समजून मंजूर केले. साळवी साहेबांना एकदम आठवलं की काका फार जुने आणि प्रामाणिक आहेत. मॅडमनी काकांना लेखी समज दिली, गन बाहेर नेल्याबद्दल. मला एक, दुसऱ्याला नाव वापरू दिल्याबद्दल. साहेबांना बहुतेक दोन दिल्या असाव्यात, कारण पुढं ते डॅमेजचा एकेक फोटो चष्मा लावून बघायचे. मंजुरी मागे घ्यायची तर प्रत्येक फोटोला कारण लिहावं लागायचं. ती संध्याकाळ मॅडम आणि मी शेजारी बसून कारणं टाइप करत होतो. त्या सांगायच्या, मी लिहायचे. माझ्या आणि निलेशच्या फोटोंना, "माल सुस्थितीत." सासूबाईंना, "वाळेल." अकरांपाशी आल्यावर त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि लिहिलं, "दुरुस्तीयोग्य." जाताना ते अकरा प्रिंट माझ्या हातात दिले.

बहात्तर बेसिनं परत पाठवताना त्यातली तीन खरोखर फुटली. काकांनी त्यांचे फोटो इतके सुरेख काढले की साहेबांनी मंजूर करायला जराही वेळ लावला नाही.

ते अकरा फोटो घेऊन मी रविवारी ठाकुर्लीला गेले. निलेश येतो म्हणाला, मी नको म्हटलं. दार बाबांनी उघडलं. आत ये म्हणाले नाहीत, पण दारातून बाजूला झाले. ओट्यावर दोन दिवसांची भांडी होती, ती मी आधी घासली. बाबा कुकरची शिट्टी शोधल्यासारखं करत आसपास फिरत राहिले. मग मी हात पुसले आणि फोटो टेबलावर मांडले, ओळीनं.

बाबांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघत राहिले. खांबामागचा पहिला, दाराआडचा दुसरा, असे एकेक करत शेवटपर्यंत गेले, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तो बंदूकवाला कोण होता गं?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. ते डोकावले की तो पांढऱ्या शर्टातला माणूस वळायचा, नळी रोखायचा आणि यांच्या छातीवर लाल टिंब यायचं. खांबामागे गेले की टिंब खांबावर थांबून राहायचं. जरा डोकं बाहेर काढलं की परत छातीवर. त्यांना वाटलं, मुलाकडच्यांनी माणूस ठेवलाय, बाप येऊन गोंधळ घालेल म्हणून. आजकाल काय सांगता येतं.

मी हसता हसता खाली बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसू थांबेना. कसंबसं विचारलं, "मग निघून का नाही आलात, बाबा?"

बाबांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. ते शेवटच्या फोटोवरचा पाण्याचा थेंब बोटानं टिपत म्हणाले, "अगं, तुझी सही व्हायची होती."